वॉरंटी संपली, आता कुलूपही काढा

इंटेलचा क्यू६६०० हा चार कोअरचा प्रोसेसर अजूनही माझ्या टेबलावर येतो. कधी जिनिंगच्या ऑफिसातून, कधी एखाद्या शाळेच्या लॅबमधून, कधी निवृत्त गुरुजींच्या घरून. जानेवारी २००७ मध्ये तो ८५१ डॉलरला बाजारात आला, त्याच वर्षी जुलैत भाव २६६ डॉलरवर उतरला आणि मग तो जगभर खपला. मी अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्त करते आणि संध्याकाळी पोरापोरींना हार्डवेअर शिकवते. पैसे मोजून घेतलेली वस्तू खऱ्या अर्थाने आपली असते म्हणजे काय, हे दाखवायला मी आजही हाच प्रोसेसर पुढे घेते. त्यानंतरच्या चिप वेगात कितीतरी पुढे गेल्या, पण मालकाची मोकळीक मात्र आवळत गेली. ती परत मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की लोकांना ती उगाचची उचापत वाटते. हिशेब मात्र शाळकरी आहे. क्यू६६०० चा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. बसची मूळ गती २६६ मेगाहर्ट्झ. तिला ९ ने गुणलं की २.४ गिगाहर्ट्झ. ९ च्या वर जायला कंपनीने बंदी घातलेली, पण २६६ हा आकडा चांगल्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये बदलता येतो. तिथे ३३३ टाकलं की तोच प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर चालतो. जुलै २००७ मध्येच इंटेलने क्यूएक्स६८५० काढला होता. बस ३३३, गुणक ९, वेग ३ गिगाहर्ट्झ, आतली रचना तीच. गुणक खुला होता एवढंच वेगळेपण, आणि किंमत ९९९ डॉलर.

ही एक प्रकारची चोरीच नाही का, असं एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला विचारलं होतं. नाही. चिप सिलिकॉनच्या तबकडीतून कापून निघतात, पण सगळ्या सारख्या निघत नाहीत. कारखाना त्या तपासतो आणि प्रतवारी लावतो, जशी आमच्या मार्केट यार्डात कापसाची लागते. उत्पादनाला हात बसला की बहुतेक चिप उत्तम निघू लागतात, पण गिऱ्हाईक जास्त असतं ते स्वस्त मालाला. मग वरच्या प्रतीची चिपही खालच्या प्रतीचं नाव छापून बाहेर पडते. तिच्यातली ताकद तुम्ही विकत घेतलेलीच असते. वीज तुमची, धोका तुमचा, चिप जळाली तर नुकसानही तुमचंच.

मागे एका जिनिंगमधला डेस्कटॉप आला. दुपारी मशीन आपोआप बंद पडतं, अशी दिवाणजींची तक्रार. बाजूचं पॅनल काढलं तर पंख्याखाली कापसाच्या तंतूंचा जाड थर, हीटसिंकच्या पात्या दिसतच नव्हत्या. अकोल्यात हे नेहमीचं. ब्रश आणि ब्लोअरने तो थर काढला (ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं). वाळून पापुद्रा झालेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तेव्हा क्यू६६०० च्या झाकणावर एसएलएसीआर ही अक्षरं उघडी पडली. ती दिसली की मला बरं वाटतं. म्हणजे चिप नंतरच्या जी० आवृत्तीची, ९५ वॅटची. आधीच्या बी३ आवृत्तीवर एसएल९यूएम असतं. ती १०५ वॅटची, आणि तिच्या झाकणाला ६२ अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. जी० ला ७१ अंशांपर्यंत मुभा आहे.

दिवाणजींचं मशीन मी २.४ वरच परत दिलं. हिशेबाच्या कामाला प्रोसेसर कमी पडत नव्हता. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली आणि त्यांचं काम झालं. जुन्या मशीनला पहिला खर्च एसएसडीचा, हे मी प्रत्येकाला सांगते. वाढीव वेगाची खरी गरज होती ती माझ्याकडे शिकणाऱ्या, लग्नांचे व्हिडिओ जोडून देणाऱ्या एका पोराला. त्याच्याकडेही क्यू६६०० च होता. चारही कोअर जुंपणारं रेंडरिंग असेल तर २.४ वरून ३ वर गेल्यावर तासाभराचं काम जवळपास ४८ मिनिटांत उरकतं.

एका उडीत ३३३ टाकायचं नाही, हा माझ्याकडचा पहिला नियम. आधी मेमरीचं प्रमाण खाली आणायचं, कारण बस वाढली की डीडीआर२ मेमरीचा वेगही तिच्याबरोबर वर जातो आणि मग दोष प्रोसेसरचा की मेमरीचा हे कळत नाही. पीसीआय एक्स्प्रेस १०० वर बांधून टाकायचं. मग २८०, ३००, ३२०, ३३३. प्रत्येक पायरीवर प्राइम९५ चालवायचा. हा प्रोग्रॅम मुळात मर्सेन प्रकारच्या प्रचंड मूळ संख्या शोधणाऱ्यांचा. त्याची गणितं इतकी काटेकोर की आकडेमोड कुठे घसरली तर तो थांबतो आणि तसं सांगतो. विंडोज सुरू झालं म्हणजे जमलं, असं पोरांना वाटतं. मी तो रात्रभर चालवायला लावते. गुपचूप चुकीची बेरीज करणारं मशीन बंद पडणाऱ्या मशीनपेक्षा वाईट. जिनिंगच्या ऑफिसात तर त्या बेरजेवर शेतकऱ्याच्या हातात पडणारे पैसे ठरतात.

‘ताई, व्हिडिओत सगळे ३.६ वर नेतात, आपण का नाही?’ असं ते व्हिडिओ जोडणारं पोरगं विचारायचं. बस ४०० केली तर ३.६ मिळतात खरे. पण चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.६ साठी व्होल्टेज दहा टक्के वाढवावं लागलं असं धरा. दीडपट वेग गुणिले १.२१, म्हणजे वीज १.८ पट, आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडणार. हवेचा कुठलाही हीटसिंक चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ते व्हिडिओ २२ अंशांच्या खोलीत केलेले असतात. तिथे ४० अंशांची वाढ खपून जाते. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५ आणि खोलीत ४० असताना तीच वाढ चिपला ८० वर नेऊन ठेवते. डेझर्ट कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. ओली हवा आणि कापसाची धूळ मिळून बोर्डावर जो चिखल बसतो, तो मी पुष्कळदा खरवडून काढला आहे. म्हणून विदर्भात ३ गिगाहर्ट्झ, मूळ व्होल्टेज आणि तांब्याच्या नळ्यांचा बरा कूलर. ते पोरगं यातून बस, मेमरी, व्होल्टेज आणि उष्णता यांचं नातं शिकलं. फळ्यावर लिहून मला ते शिकवता आलं नसतं.

आता माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते ऑफिसांतून निघालेले आय५-४५७० सारखे चार कोअरचे प्रोसेसर. क्यू६६०० पेक्षा कितीतरी सरस, आणि हा धडा शिकवायला निरुपयोगी. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने दुसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर आणले तेव्हा हे दार लागलं. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं, आणि पीसीआय एक्स्प्रेस, साटा सगळं त्याच्याशीच बांधलेलं. ते जरा जास्त हलवलं की बाकीचं कोलमडतं. गुणक पूर्ण मोकळा फक्त नावात ‘के’ असलेल्या चिपचा. आय५-२५०० ची किंमत २०५ डॉलर, २५००के ची २१६. फरक ११ डॉलरचाच दिसतो. पण आमच्याकडे बहुतेक जण घ्यायचे तो स्वस्त एच६१ बोर्ड असेल तर ‘के’ घेऊनही उपयोग नाही. त्यासाठी पी६७ किंवा झेड६८ चा महाग बोर्ड हवा.

हे कुलूप सिलिकॉनने घातलेलं नाही, धोरणाने घातलेलं आहे. २०१० मध्ये इंटेलने पेंटियम जी६९५१ विकताना तिच्यातली थोडी कॅश मेमरी आणि हायपरथ्रेडिंग बंद ठेवलं आणि ५० डॉलरचं कार्ड घेणाऱ्याला ते सॉफ्टवेअरने उघडून द्यायचं ठरवलं. टीका झाली, पुढच्या वर्षी योजना गुंडाळली. २०१५ च्या अखेरीस काही बोर्ड कंपन्यांनी सहाव्या पिढीच्या साध्या, ‘के’ नसलेल्या चिपचंही घड्याळ वाढवून दाखवलं. थोड्याच दिवसांत बायोसच्या नव्या आवृत्त्या आल्या आणि ती सोय गेली. दुसरीकडे एएमडीने २०१७ पासून रायझेनच्या बहुतेक डेस्कटॉप चिपचा गुणक खुला ठेवला, मध्यम किमतीच्या बी३५० बोर्डावरसुद्धा. त्यांचा धंदा बुडाला नाही, वाढला.

कुलपामागे एक खरं कारण होतं, ते नाकारत नाही. नव्वदच्या दशकात काही व्यापारी कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचा छाप मारून विकत. गुणक बंद झाला त्याला तेही निमित्त होतं. पण आज चिपचं नाव तिच्या आत कोरलेलं असतं आणि सीपीयू-झेडसारखा फुकट प्रोग्रॅम ते क्षणात दाखवतो.

दुसरा आक्षेप विजेचा, आणि तो मला मान्य आहे. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हाही चार कोअरचाच, पण ६ वॅटचा, आणि तो क्यू६६०० ला सहज मागे टाकतो. रोज दहा तास मशीन चालणार असेल तर नवं घ्या, बिलातच फरक दिसेल. जुन्या मशीनची किंमत शिकणाऱ्यासाठी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली सहसा उतरत नाही. चांगले चालणारे चार कोअरचे डेस्कटॉप ऑफिसांतून ढिगाने निघताहेत. लिनक्स त्यांवर उत्तम चालतं. पोरांच्या हातात ते पडले तर पुढचे तंत्रज्ञ त्यांवरच तयार होतील. पण हात लावायला आत काही मोकळं तर हवं.

माझी मागणी साधी आहे. डब्यात मिळणाऱ्या प्रोसेसरला इंटेल सहसा तीन वर्षांची वॉरंटी देते. ती संपली की कंपनीची जबाबदारी संपते; त्याच दिवशी गुणकावरचं कुलूपही निघालं पाहिजे. ज्या चिप आधीच विकल्या गेल्या, त्यांतल्या ज्या सॉफ्टवेअरने उघडता येतात त्यांच्यासाठी बायोस द्यावं. पुढच्या चिप मुदतीनंतर उघडतील अशाच बनवाव्यात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स आहेत, शेतीची अवजारं आणि वाहनंही आहेत. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका यांच्या जोडीने वॉरंटीनंतर कुलूप काढण्याचं कलमही त्या चौकटीत घालावं, अशी माझी ग्राहक व्यवहार विभागाला विनंती आहे.