आधी कॉपी, मग निदान!

इथे बहारीनमध्ये कॉम्प्युटर रखडायला लागला की आमची मंडळी पहिलं बोट उन्हाळ्याकडे दाखवतात. जुलैत पारा ४० च्या वर असतो, हे खरं. पण गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तापमान आणि बिघाड यांचं नातं वाटतं तितकं घट्ट निघालं नाही.

मग ओळखायचं कसं? डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ती दिसते. त्यातला ५ वा आकडा म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर. १९७ वा म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले. असे सेक्टर डिस्क पुन्हा पुन्हा वाचत बसते, म्हणून ती रखडते. हे आकडे वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले समजा. शून्य असतील तर व्हायरस, अपुरी रॅम, खराब केबल हेही तपासा.

पण गंमत अशी, की त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये चार मुख्य खुणांपैकी एकही नव्हती! म्हणजे ‘गुड’ हा शेरा काही फिटनेस सर्टिफिकेट नव्हे.

म्हणून माझं स्पष्ट मत: नातवंडांचे फोटो आधी दुसरीकडे कॉपी करा, तपासणी नंतर. तासन्‌तास चालणारं स्कॅन आजारी डिस्कचा उरलासुरला दमही काढतं. आणि आतून टकटक आवाज येत असेल, तर काहीच न करता मशीन बंद करा आणि जाणकाराकडे न्या. डिस्क नवी मिळते हो, फोटो नाही मिळत.