अठरा गुंठे बर्फ

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?" हे वाक्य आता बंद झालं पाहिजे. हिवाळी ऑलिंपिक असो नाहीतर आशियाई हिवाळी स्पर्धा, भारताचा निकाल आला की हे वाक्य तयारच असतं. स्टाफरूममध्ये असतं, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर असतं, आणि ज्यांनी निकालाचा जाब द्यायचा त्या पदाधिकाऱ्यांच्या तोंडी तर सगळ्यांच्या आधी असतं. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं : "१४० कोटींचा देश, आणि गेले किती? एक!" पहिलं वाक्य सबब आहे, दुसरं चेष्टा. एकाच दमात दोन्ही बोलली जातात आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. बर्फच नाही म्हणता ना, मग त्या एकाला हसता कशाला?

मी शिरूरला राहतो आणि दौंड तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवतो. न्हावरा, पारगाव, चौफुला हा माझा रोजचा रस्ता. दोन्हीकडे ऊस, मध्ये भीमा. एप्रिलमध्ये आमच्या शाळेच्या पत्र्याच्या खोल्यांत दुपारी बसवत नाही. अशा माणसाने हिवाळी खेळांवर का लिहावं, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं असं, की त्यावर बोलण्याचा अधिकार मनालीइतकाच शिरूरलाही आहे. तो कसा, ते पुढे सांगतो. आधी निकाल पाहू, कारण हसणाऱ्यांनी तो बहुतेक वेळा वाचलेलाच नसतो.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचं नाव पहिल्यांदा लागलं ते १९६४ साली, इन्सब्रुकला. जन्माने पोलिश असलेले जेरेमी बुजाकोव्स्की भारताकडून स्कीइंगला उतरले होते. तेव्हापासून २०२२ च्या बीजिंगपर्यंत पदक शून्य. पण त्या शून्याच्या आत माणसं आहेत. शिवा केशवन १९९८ मध्ये नागानोला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. ल्यूज हा त्याचा खेळ. बर्फाच्या नळीतून पाठीवर झोपून, पाय पुढे करून घसरत जायचं. देशात ल्यूजचा ट्रॅक नव्हता, म्हणून हा गडी घसरगाडीला चाकं लावून हिमाचलच्या घाटरस्त्यावर, चालत्या वाहनांमधून सराव करायचा. तो सहा ऑलिंपिक खेळला. सगळ्यांत चांगला क्रमांक २५वा, २००६ मध्ये तुरीनला. आशियाई ल्यूज करंडकाचं सुवर्णही त्याने जिंकलं. खर्चासाठी त्याला लोकांपुढे हात पसरावे लागले. खाशाबा जाधव १९५२ मध्ये वर्गणीच्या पैशावर हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले, ही गोष्ट आपण शाळेत मोठ्या अभिमानाने सांगतो. साठ वर्षांनीही खेळाडूला वर्गणीच काढावी लागते, याचा अभिमान नेमका कुणी आणि कसा बाळगायचा, हे मात्र मुलांना सांगता येत नाही.

बीजिंगला गेलेला तो 'एक' म्हणजे आरिफ खान. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. तयारीसाठी त्याने स्वतःचं लग्न पुढे ढकललं होतं. जायंट स्लालममध्ये तो ४५वा आला. त्या दिवशी डोंगरावर बर्फ कोसळत होता, समोरचं धड दिसत नव्हतं, आणि कितीतरी स्पर्धकांना शर्यत पूर्णही करता आली नाही. याने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. आपल्याकडे बातमी झाली ती 'आव्हान संपुष्टात' अशी.

आता सोची, २०१४. उद्घाटनाला भारताचे तीन खेळाडू चालले, पण तिरंग्याशिवाय. भारतीय ऑलिंपिक संघटना २०१२ च्या डिसेंबरपासून निलंबित होती, कारण आरोपपत्र असलेल्यांना पदाधिकारी करायचा हट्ट सुटत नव्हता. स्पर्धा सुरू झाल्यावर घाईघाईने निवडणूक झाली, निलंबन उठलं, तोवर केशवनची शर्यत होऊनही गेली होती. तिरंगा काही बर्फ नव्हता म्हणून राहिला नाही! डेहराडूनचा हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला. ऑलिंपिक मापाचा, छताखालचा. स्पर्धा झाल्या आणि दहा वर्षांहून जास्त काळ त्याला कुलूप लागलं. ते उघडलं आत्ता, २०२५ मध्ये. ज्या काळात बर्फ कुठे पडतो असं आपण एकमेकांना विचारत होतो, त्याच काळात बर्फाचं तयार घर आपणच बंद करून ठेवलं होतं.

मुळात पडणाऱ्या बर्फाचा प्रश्न स्कीइंगपुरता, आणि तेवढ्यापुरता तो आपल्या हिमालयात पडतोच. बाकीचे निम्मे हिवाळी खेळ, म्हणजे स्पीड स्केटिंग, फिगर स्केटिंग, आइस हॉकी, कर्लिंग, हे आभाळातून पडणाऱ्या बर्फावर खेळले जातच नाहीत. तो बर्फ यंत्राने गोठवलेला असतो. नेदरलँड्स बघा. सपाट देश, डोंगर औषधालाही नाही. तिथल्या गोठलेल्या कालव्यांवरून होणारी दोनशे किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत १९९७ नंतर झालेलीच नाही, कारण बर्फ पुरेसा जाड होत नाही. आणि सोचीत स्पीड स्केटिंगच्या लांब ट्रॅकवरच्या ३६ पदकांपैकी २३ एकट्या डच लोकांनी नेली. फिलिपिन्स तर आपल्याहून दमट. तिथला मायकल मार्टिनेझ मॉलमधल्या रिंकवर स्केटिंग शिकला आणि त्याच सोचीत फिगर स्केटिंगमध्ये १९वा आला. २०२५ च्या फेब्रुवारीत हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत पुरुषांच्या कर्लिंगचं सुवर्ण फिलिपिन्सने दक्षिण कोरियाला हरवून नेलं. त्यांचे खेळाडू स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले, हे खरं. पण त्यांना शोधून, गोळा करून संघ बांधावा असं तिथे कुणाला तरी वाटलं. त्याच हार्बिनला आपले ५९ खेळाडू गेले आणि पदकाविना परतले.

आता शिरूरचा अधिकार. आमच्या तालुक्यात रांजणगाव आहे. बाहेरच्यांना ते महागणपतीमुळे माहीत, आम्हाला एमआयडीसीमुळे. तिथे एलजीचा कारखाना आहे, व्हर्लपूलचा आहे, हायरचा आहे. तिघेही फ्रिज करतात. देशातल्या कितीतरी स्वयंपाकघरांतली थंडी आमच्या तालुक्यातून ट्रकमध्ये भरून जाते. दौंडकडे उतरलात तर गावोगावी दूध संकलन केंद्रं, आणि केंद्रात बल्क कूलर. बाहेर चाळीस अंश असताना आत हजारो लिटर दूध चार अंशांवर. भिगवणहून उजनीचे मासे निघतात ते बर्फाच्या लादीत. स्केटिंगचा रिंक म्हणजे वेगळं काय असतं? काँक्रीटच्या थराखाली पाइपांचं जाळं, त्यातून फिरणारं उणे तापमानाचं ग्लायकॉल किंवा मिठाचं पाणी, बाहेर कॉम्प्रेसर, आणि वर दीड इंचाचा बर्फ. बल्क कूलर दुरुस्त करणारा आमचा मेकॅनिक हे चित्र पाच मिनिटांत समजून घेईल.

पाण्याचं काय, हा प्रश्न लगेच येतो, आणि आमच्या भागात तो यायलाच हवा. हिशोब करू. रिंकचं माप साठ मीटर बाय तीस मीटर, म्हणजे अठराशे चौरस मीटर. आपल्या भाषेत अठरा गुंठे, अर्धा एकरही नाही. चार सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरला तर पाणी लागतं ७२ हजार लिटर. दहा हजारी टँकरच्या आठ खेपाही पुऱ्या होत नाहीत. रोज वरून थोडं पाणी फिरवावं लागतं, ते धरूनही एवढ्याच जागेतला ऊस त्याहून कितीतरी जास्त पाणी पितो, आणि त्याला कुणी चैन म्हणत नाही. विजेचा खर्च मात्र मोठा आहे, तो मी लपवत नाही. म्हणून शिरूरला रिंक द्या, असं मी म्हणतच नाही. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी राज्याने बालेवाडीला एवढं मोठं संकुल उभं केलं. तिथे अठरा गुंठे निघत नाहीत, असं मला कुणीतरी कागदावर लिहून द्यावं.

कारण खेळाडू आहेत. आमच्याकडे चाकांच्या स्केटिंगचे वर्ग तालुक्याच्या गावांत पोचलेत. मंगल कार्यालयाचं अंगण, बाजार समितीचं काँक्रीट, बायपासचा न वापरलेला तुकडा, जिथे जागा मिळेल तिथे सकाळी सहाला मुलं गोल फिरताना दिसतात. चाकांवरून बर्फावर जाता येतं का? अमेरिकेची एरिन जॅक्सन फ्लोरिडाच्या ओकाला गावची. तिथे बर्फ फक्त सरबतात. चाकांवर वाढलेली ही मुलगी बर्फाकडे वळली आणि २०२२ मध्ये बीजिंगला ५०० मीटरचं सुवर्ण घेऊन गेली. आपल्या पुण्याची श्रुती कोतवाल याच वाटेने गेली, चाकांवरून बर्फावर, आणि आशियाई हिवाळी स्पर्धांत भारताकडून धावली. फरक एवढाच, की चारशे मीटरचा बर्फाचा ट्रॅक देशात कुठेच नसल्याने तिला सरावासाठी परदेश गाठावा लागला. ज्यांच्या घरी तेवढा पैसा नाही त्यांनी काय करायचं?

त्यांनी प्रमाणपत्र घ्यायचं. माझा राग खरा इथे आहे. आपल्याकडे खेळाची शिडी पदकाकडे जात नाही, कागदाकडे जाते. दहावी-बारावीला वाढीव गुण, मग सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण. गरिबाच्या पोरासाठी ही सवलत हवीच, तिला माझा विरोध नाही. पण बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उगाच गाजली नाहीत. एका स्पर्धेत तर गटात तीनच मुली होत्या आणि तिघींना पदकं मिळाली. मी आयोजकांना विचारलं तर ते म्हणाले, "सर, कागद मिळाल्याशी मतलब." निकाल कसेही असोत, कागद मिळत राहतो, तोवर रिंक मागायला कोण जाणार? पालक मागत नाहीत, आम्ही शिक्षक मागत नाही, आणि संघटनांना तर कुणी न मागितलेलंच बरं.

पदक मिळालं तरी आपण बघतो का, हाही प्रश्नच आहे. २०२५ च्या मार्चमध्ये तुरीनला स्पेशल ऑलिंपिकच्या जागतिक हिवाळी स्पर्धा झाल्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या भारतीय खेळाडूंनी तिथे ३३ पदकं जिंकली. आठ सुवर्ण, अठरा रौप्य, सात कांस्य. त्यानंतर जूनमध्ये भारताच्या मुलींनी आइस हॉकीच्या आशिया चषकात कांस्य मिळवलं. संघात बहुतेक लडाखच्या मुली, गोठलेल्या तळ्यांवर खेळून मोठ्या झालेल्या. स्टाफरूममध्ये मी दोन्ही बातम्या सांगितल्या. एक सहकारी म्हणाले, "हो का? पण आपल्याकडे बर्फ कुठे..."

हिवाळी ऑलिंपिक पुन्हा येईल. पुन्हा एक किंवा दोघे जातील आणि पुन्हा तेच विनोद मोबाइलवर फिरतील. ते फिरवणाऱ्यांसाठी एका मुलीबद्दल लिहितो, नाव न घेता. दौंडची, वडील रेल्वेत. चाकांवर ती इतकी वेगाने वळायची की बाहेरच्या कडेला उभ्या पालकांनी पाय मागे घ्यावेत. वळणावर तोल आत टाकून, डावा हात जमिनीला टेकेल इतकं झुकून जाणं मी तिला शिकवलेलं नव्हतं. मोबाइलवर कोरियन मुलींच्या बर्फावरच्या शर्यती पाहून ती ते आपलं आपण शिकली. राज्य पातळीपर्यंत गेली. तिच्या वडिलांनी मला विचारलं, "सर, पुढे काय?" गुरुग्रामच्या मॉलमध्ये लहान रिंक आहे, डेहराडून आहे, एवढंच मला सांगता आलं. त्यांनी भाड्याचा, राहण्याचा, खाण्याचा हिशोब माझ्यासमोरच केला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. बारावीला तिला वाढीव गुण मिळाले. स्केट्स तिने मामेबहिणीला देऊन टाकले. आता ती पहाटे पोलीस भरतीच्या मुलींबरोबर पळते. ८०० मीटरला वेळ चांगली येते तिची.