दीड महिन्यांनी बाळाला लस, मग आईची साखर कधी?

प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात बाळंतिणीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो. साखर पंच्याण्णव येते. दोन-तीन महिने रोज इन्शुलिनची सुई टोचून घेतलेल्या त्या बाईला आणि खाटेपाशी बसलेल्या तिच्या आईला हायसे वाटते. ‘शुगर गेली’ असे सांगून तिला घरी सोडतात. डिस्चार्ज कार्डावर तळाशी ‘सहा आठवड्यांनी तपासणी’ असे लिहिलेले असते. ते कुणी वाचून दाखवत नाही.

साखर उतरते हे खरे, पण गेली असे म्हणणे घाईचे आहे. गरोदरपणात वारेतून येणारी संप्रेरके इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. तो भार स्वादुपिंडाने जादा इन्शुलिन तयार करून पेलायचा असतो. ज्यांना तो पेलवत नाही, त्यांची साखर वाढते. वार पडली की अडथळा दूर होतो. स्वादुपिंडाची दुर्बलता मात्र राहते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२० साली तेरा लाखांहून अधिक स्त्रियांच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गरोदरपणी मधुमेह झालेल्यांना पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या जवळपास दहापट असल्याचे त्यात दिसले.

म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासायला सांगितले आहे. दोन तासांनंतरची साखर २०० किंवा अधिक असेल तर मधुमेह, १४० ते १९९ असेल तर उंबरठा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी सोयीची वाटते, पण बाळंतपणातला रक्तस्राव आणि अंगातली लोहाची कमतरता यांमुळे या काळात ती फसवू शकते.

ही तपासणी होत का नाही? बायका निष्काळजी असतात, हे उत्तर सोपे आणि अन्यायाचे आहे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी. कागद एका गावात, बाई दुसऱ्या. अंगावर पिणारे मूल घेऊन उपाशीपोटी दवाखाना गाठायचा, वर दोन तास थांबायचे. घरात तर शुगर गेल्याच्या आनंदात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शिरा सुरू झालेला असतो. त्यासाठी माहेरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना आपणच तसे सांगितले होते.

आणखी एक फट आहे. सरकारी कार्यक्रमात मधुमेहाची सरसकट तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून होते. चोविसाव्या वर्षी बाळंत झालेली मुलगी त्यात बसत नाही. तिची साखर पुन्हा कळते ती पुढच्या गरोदरपणात, तेही अनेकदा तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर. बाळाचे हृदय आणि मज्जारज्जू घडतात ते पहिल्या आठ आठवड्यांत, पुष्कळदा दिवस गेल्याचे नीट कळण्याआधीच. त्या वेळी साखर खूप वाढलेली असेल तर जन्मजात व्यंगांचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. सहा आठवड्यांची तपासणी टाळण्याची खरी किंमत ही आहे.

उपाय दवाखान्यातच आहे. दीड महिन्यांचे झाले की बाळ पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या डोसांसाठी येतेच. आजी तारीख विसरत नाही, आशाताई आठवण करतात. त्याच सकाळी आईला उपाशीपोटी बोलवावे, आल्याबरोबर ग्लुकोजचे पाणी द्यावे. रांग, लस आणि लसीनंतरचा अर्धा तास यांत दोन तास निघून जातात. मधल्या वेळात बाळाला पाजायला हरकत नाही. गरोदरपणातली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्लुकोमीटरवर होते, मग हीसुद्धा तिथेच करता येईल. माता व बाल संरक्षण कार्ड लसींमुळे सासरी-माहेरी जपून नेले जाते. त्यातल्या दीड महिन्याच्या लसीशेजारी आईच्या साखरेसाठी एक चौकट हवी. लसीकरण विभाग बालरोगतज्ज्ञांचा, बाळंतीण स्त्रीरोगतज्ज्ञांची आणि मधुमेह फिजिशियनचा, अशी वाटणी मोठ्या रुग्णालयांत आहे. तिच्यामुळेच हे साधे काम अडते.

उंबरठ्यावर सापडलेल्या बाईला करण्यासारखे बरेच असते. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध चाचणीत अशा स्त्रियांमध्ये आहार, व्यायाम आणि वजन घटवण्याने तीन वर्षांत मधुमेहाचे प्रमाण निम्म्याने घटले. मेटफॉर्मिन गोळीनेही जवळपास तेवढेच. स्तनपानाचाही फायदा दिसतो. लाडू अगदी बंद करायला नकोत, पण दिवसाला तीन कशाला?

आणि ज्यांचे बाळ आता शाळेत जाते, पण त्या वेळी ही तपासणी राहून गेली, त्यांनी ती आता करावी. अहवाल चांगला आला तरी दर वर्षी साखर बघावी आणि पुढच्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधी बघावी.