पंचवीस वर्षांची उचल



आमचा नातू आठवीत शिकतो. दिवाळीपासून त्याच्या अंगात निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा एकच सदरा आहे. पाठीवर दहाचा आकडा आणि मेस्सीचे नाव. मी एकदा सहज म्हटले, "अरे, तो मेस्सी तो क्लब सोडून कधीच गेला, मग हा सदरा कशाला?" तर पोरगा म्हणतो कसा, "आजोबा, तो सोडून गेला न्हाई. क्लबाकडं त्याला ठेवायला पैसं न्हवतं."

जगातल्या सर्वांत श्रीमंत म्हणून गणल्या जाणाऱ्या क्लबाकडे पैसे नव्हते! हे काय गौडबंगाल, म्हणून मी वाचायला बसलो. फुटबॉलातले मला ओ की ठो कळत नाही, पण ताळेबंद थोडाफार कळतो. वाचता वाचता ध्यानात आले की स्पेनमधला हा बार्सिलोना क्लब कोणा शेठजीचा नाही, सभासदांच्या मालकीचा आहे. १८९९ साली स्थापन झालेला, सुमारे १ लाख ४० हजार सभासदांचा. अध्यक्ष आणि मंडळ निवडणुकीने येते, अहवाल छापला जातो, सभेत ठराव होतात. वाचताना मला आपल्याच सभेच्या मांडवात बसल्यासारखे वाटू लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक जुनी हकिगत. स्पेनमधले क्लब कर्जात इतके बुडाले की १९९० साली तिथल्या सरकारने कायदा केला, की धंदेवाईक क्लबांनी कंपनी व्हावे. फक्त चार क्लबांना सभासदांचे म्हणून राहू दिले, कारण त्यांचे आधीच्या काही वर्षांचे हिशेब सुस्थितीत होते. बार्सिलोना त्या चारांतला एक. म्हणजे सभासदांच्या हाती क्लब राहिला तो चोख ताळेबंदाच्या जोरावर.

तो चोखपणा कसा गेला, ते आता पाहू. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबाने बार्सिलोनाचा नेमार नावाचा खेळाडू २२ कोटी २० लाख युरो मोजून उचलला. युरोचे रुपये करा आणि आकडा तुम्हीच मांडा. एवढी रक्कम एका खेळाडूपोटी त्याआधी कोणी दिली नव्हती. अशी रक्कम हाती आल्यावर शहाणा माणूस आधी देणी वारतो. इथे झाले उलटे. बार्सिलोनाच्या हातात पैसा आहे हे साऱ्या बाजाराला ठाऊक झालेले, त्यामुळे विकणाऱ्यांनी भाव चढवले. त्याच महिन्यात डेम्बेलेला साडेदहा कोटींना, जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्योला बारा कोटींना घेतले, आणि दोघांच्याही किमतीवर पुढची अटींची रक्कम वेगळीच. २०१९ मध्ये ग्रीझमानला आणखी बारा कोटी. बाजारात पैशाची पिशवी वर धरून फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला बैल कधी स्वस्तात मिळतो का?

यातल्या कुटिन्योची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तो मनासारखा चालेना म्हणून २०१९ मध्ये त्याला जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबाकडे काही मुदतीसाठी खेळायला दिले. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बायर्नची बार्सिलोनाशी गाठ पडली. बायर्नने आठ गोल केले, बार्सिलोनाने दोन. बायर्नच्या आठांतले शेवटचे दोन कुटिन्योचे! आपल्याच गोठ्यातल्या बैलाने आपल्यालाच शिंगावर घ्यावे, त्यातली गत.

आता हिशेबातली एक खुबी सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. दहा कोटींना पाच वर्षांच्या करारावर खेळाडू घेतला, तर खर्च एकदम दहा कोटी दिसत नाही. वर्षाला दोन-दोन कोटी असा पाच वर्षांत वाटून धरतात. विकताना मात्र खेळाडूची वहीतली शिल्लक किंमत वजा जाता उरलेला सगळा नफा त्याच वर्षी जमेला येतो. त्यात गैर काही नाही, हिशेबाची ती मान्य रीत आहे. पण अडचणीत आलेल्या संचालकांच्या हातात ही रीत म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. २०२० च्या जूनमध्ये, वर्ष संपता संपता, बार्सिलोनाने आपला आर्थर इटलीच्या युव्हेंटस क्लबाला ७ कोटी २० लाखांना दिला आणि त्यांचा प्यानिच ६ कोटींना घेतला. रोख हातात पडली ती फरकाची, पण दोन्ही घरच्या वह्यांत घसघशीत नफा उमटला. तू माझा बैल लाखाला घे, मी तुझा पाऊण लाखाला घेतो, आणि दोघेही गावात सांगू की यंदा कमाई जोरात झाली! अशा व्यवहारांतल्या फुगवलेल्या नफ्यांवरून इटलीत चौकशी झाली आणि २०२३ मध्ये युव्हेंटसचे दहा गुण कापले गेले.

तोवर महामारी आली होती. मार्च २०२० पासून मैदान बंद, तिकीट नाही, पर्यटक नाहीत. "महामारीने बुडवले" असे जुनी मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. महामारी सर्वांनाच आली. पण ज्याच्या कणगीत दाणा नव्हता तो पहिल्या महिन्यातच उघडा पडला. सभासदांनी अध्यक्ष बार्तोमेउ यांच्यावर अविश्वास आणण्यासाठी सह्या गोळा केल्या. साडेसोळा हजारांवर हव्या होत्या, वीस हजारांवर झाल्या. मतदान व्हायच्या आत ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. नवे अध्यक्ष लापोर्ता यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये हिशेब उघडा केला: देणे १३५ कोटी युरो. पगाराचा बोजा उत्पन्नाच्या १०३ टक्के. म्हणजे शंभर रुपये येणार आणि एकशे तीन नुसते पगारातच जाणार. स्पेनच्या लीगचा नियम असा की पगाराला मर्यादा, तिच्या बाहेरचा खेळाडू नोंदवताच येत नाही. मेस्सीची राहायची तयारी होती, क्लबाचीही होती, तरी नोंदणी होईना. शेवटी तो डोळे पुसत गेला.

खरी मेख पुढेच आहे. खड्डा भरायला नव्या मंडळाने काय केले? जून २०२२ मध्ये प्रतिनिधींच्या सभेची मंजुरी घेतली आणि लीगच्या दूरचित्रवाणी हक्कांतून येणाऱ्या उत्पन्नाचा पंचवीस टक्के हिस्सा सिक्स्थ स्ट्रीट या अमेरिकन गुंतवणूक कंपनीला देऊन टाकला. किती वर्षांसाठी? पंचवीस! आणि त्या पैशातून त्याच उन्हाळ्यात नवे खेळाडूही घेतले.

लापोर्तांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे, घर जळत असताना विहिरीचे पाणी मोजत बसायचे का? क्लब बुडू दिला असता तर पंचवीस वर्षांनंतरचे कोणी विचारलेच नसते. २०२३ मध्ये त्यांनी लीग जिंकूनही दाखवली. हे सगळे खरे. तरीपण ज्या मंडळाची मुदत पाच-सहा वर्षांची, त्याने पंचवीस वर्षांचे उत्पन्न बांधून द्यावे का? पुढच्या चार मंडळांनी काय करायचे? घर जळत असल्याची सबब मी एकवेळ मान्य करतो, पण विझवायला काढलेल्या पैशातून दारात नवी गाडी उभी करणे मला मान्य नाही.

हा रोग नवा नाही. इंग्लंडमध्ये लीड्स युनायटेड क्लबाने २००१ मध्ये सहा कोटी पौंडांचे कर्ज काढले, पुढच्या पंचवीस वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर. बघा, तिथेही आकडा पंचवीसच! हिशेब असा होता की युरोपच्या मोठ्या स्पर्धेत दरसाल खेळायला मिळणार आणि पैसा येतच राहणार. २००१ मध्ये संघ त्या स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत गेला, पण त्याच वर्षी देशातल्या लीगमध्ये चौथा आला आणि एका गुणाने पुढच्या वर्षाचा प्रवेश हुकला. एका गुणाने! मग खेळाडू विकणे, खालच्या वर्गात घसरणे, मैदान विकून तिथेच भाडेकरू होणे, आणि २००७ मध्ये दिवाळखोरीच्या दारात. वरच्या वर्गात परत यायला २०२० साल उजाडले. अध्यक्षांच्या कचेरीतले शोभेचे मासेसुद्धा महिना वीस पौंड भाड्याचे होते, हे तिथे घराघरांत चघळले गेले. माशांनी क्लब बुडाला नाही, हे उघड आहे. पण लोकांना कोटींचा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, मासे येतात.

मालक धनाढ्य असला म्हणजे निभावते, असे कोणी म्हणेल. आपल्या पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे व्हेंकीज मंडळींनी नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब घेतला. १९९५ चा लीग विजेता क्लब! २०१२ मध्ये तो वरच्या वर्गातून खाली आला, त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबाचे निशाण गुंडाळून एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, पुढच्या वर्षी परत वर. क्लब टिकला तो मालकांनी पैसा ओतत राहिल्यामुळे, हे मान्य करायलाच हवे. पण तिथल्या प्रेक्षकाला बोलायला सभा नाही, म्हणून तो कोंबडी सोडतो.

पोर्ट्समथचे तसे नाही. हा क्लब २००८ मध्ये इंग्लंडचा मानाचा एफ. ए. चषक जिंकला आणि दोन वर्षांत दिवाळखोरीत गेला. तिथल्या नियमाप्रमाणे खेळाडू आणि इतर क्लब यांचे देणे आधी, पूर्ण. बाकीच्यांनी, म्हणजे गावातल्या बारक्या व्यापाऱ्यांनी, रुपयामागे मिळतील ते पैसे घ्यायचे. २०१३ मध्ये क्लब कायमचा बंद व्हायची पाळी आली, तेव्हा प्रेक्षकांनी हजार-हजार पौंडांचे भाग घेऊन तो विकत घेतला आणि दीड-दोन वर्षांत कर्जमुक्त केला. वाचून माझी मान ताठ झाली. पुढे २०१७ मध्ये एक अमेरिकन श्रीमंत आला, आणि याच भागधारकांनी मोठ्या बहुमताने क्लब त्याला विकला. मैदानाच्या दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न खोटा नव्हता. पण मला ते वाचून चुटपुट लागली ती लागलीच.

बार्सिलोनाकडे परत येतो, कारण एक गोष्ट राहिली आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. २०२१ मध्ये लापोर्ता निवडून आले, पण खुर्चीवर बसण्याआधी त्यांच्या मंडळाला सुमारे साडेबारा कोटी युरोंची बँक हमी स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावी लागली. अंदाजपत्रकाच्या पंधरा टक्के. कारभारात तोटा आला तर संचालकांच्या खिशाला चाट, असा कायदाच होता. धावपळ करून अगदी शेवटच्या घटकेला ती हमी जमली. याचा तोटाही आहे, गरिबाघरचा चांगला माणूस मंडळात येऊच शकत नाही. तरी पंचवीस वर्षांचा सौदा करणाऱ्याच्या सहीखाली त्याच्या घरादाराचे काही तारण असावे, असे मी म्हणेन. आणि असा सौदा प्रतिनिधींच्या सभेत नव्हे, प्रत्येक सभासदाच्या मताला टाकावा. २०२१ च्या निवडणुकीला सुमारे पंचावन्न हजार सभासदांनी मत दिले होते. अध्यक्ष निवडायला जे चालतात, ते उत्पन्न बांधून द्यायला का चालू नयेत?

हे सगळे मी नातवाला समजावून सांगितले. त्याने बोटांवर हिशेब केला. "म्हंजी आजोबा, ते पंचवीस टक्के दोन हजार सत्तेचाळीसला सुटणार. मी तवा पस्तीस वर्षांचा आसंन." मग थोडा थांबून म्हणाला, "तवर नवा सदरा तरी घ्या."