फिल्म घरीं धुणाऱ्यांनीं टँक कसा निवडावा

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस जुन्या फिल्म-कॅमेऱ्याचें वेड लागलेलें दिसतें. आजोबांच्या कपाटांतून निघालेला आगफा क्लिक, मामांचा धूळ खात पडलेला ३५ मिलिमीटरचा कॅमेरा, अशीं आयुधें घेऊन ते सहलीस येतात आणि छत्तीस चित्रें मोठ्या काटकसरीनें पुरवितात. रोल संपला म्हणजे मात्र अडचण सुरू होते. पूर्वीं तालुक्याच्या गांवीं देखील स्टुडिओवाला रोल धुऊन देत असे. आतां तो मोठ्या शहरीं पाठवावा लागतो, वाट पाहावी लागते आणि धुण्याची मजुरी फिल्मच्या किंमतीशीं स्पर्धा करूं लागते. सबब काळापांढरा रोल घरींच धुवावा असें मुलांच्या मनांत येतें, आणि तें आम्हांस सर्वथैव योग्य वाटतें. मग पालक आमच्याकडे येऊन विचारतात, "सर, टँक कोणता घ्यावा?" आणि आमचें उत्तर येण्यापूर्वींच पुढें म्हणतात, "सध्यां एखादा हलकासाच घेऊं. आवड टिकते कीं नाहीं, तें तर पाहूं."

या दुसऱ्या वाक्याशीं आमचें भांडण आहे. क्रिकेटची बॅट हलकी घेतली तर फार झालें तर दोन धावा कमी होतील. हार्मोनियम हलकी घेतली तर शेजाऱ्यांस थोडा त्रास होईल. टँकची गोष्ट निराळी आहे. छायाचित्रणाच्या सर्व कृतींत फिल्म धुणें ही अशी कृति आहे कीं जींत झालेली चूक बहुधा दुरुस्त होत नाहीं. कागदावरील छाप बिघडला तर दुसरा कागद घ्यावा. निगेटिव्ह शाबूत आहे. परंतु निगेटिव्हच डागाळली तर ओसरीवर बसलेली आजी पुन्हां त्याच उजेडांत त्याच दिवशीं बसावयाची नाहीं. असे दोन रोल वायां गेले म्हणजे मुलगा कॅमेरा पुन्हां कपाटांत ठेवतो, वडील म्हणतात, "पाहा, मीं म्हटलेंच होतें," आणि ती आवड कशानें मेली याची चौकशी कोणीच करीत नाहीं. आमच्या मतें पुष्कळ वेळां ती हलक्या टँकनेंच मारलेली असते.

ज्यांनीं ही वस्तु पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. टँक म्हणजे उजेड आंत न शिरूं देणारा एक डबा. त्यांत एक चक्री असते, जिला दुकानदार रील किंवा स्पायरल म्हणतात. तिच्यावर फिल्म अशी गुंडाळावयाची कीं एक वेढा दुसऱ्यास शिवूं नये. हें गुंडाळणें पूर्ण काळोखांत झालें पाहिजे. सिनेमांत दिसणारा तांबडा दिवा छपाईच्या कागदासाठीं असतो. आजची साधारण फिल्म तांबडा उजेडही ओळखते, म्हणून तिच्याजवळ तो लावणें म्हणजे रोलावर पाणी सोडणें होय. एकदां झांकण बसलें कीं पुढील सारें काम दिवसाढवळ्या मोरीजवळ होतें. झांकणाच्या तोंडांतून द्रव आंत जातो, उजेड जात नाहीं. "आमच्या दोन खोल्यांत अंधारखोली कोठून आणावी?" असें विचारणाऱ्या पालकांचें समाधान यांतच आहे. रात्रीं न्हाणीघराच्या दाराखालीं टॉवेल कोंबला, किंवा बाह्या असलेली काळी पिशवी घेतली, म्हणजे दहा मिनिटांचा अंधार कोणत्याही घरांत मिळतो. ही युक्ति नवी नव्हे. टेलिफोनकर्ते बेल यांचे कार्यवाह आर्थर मॅकर्डी यांनीं दिवसाउजेडीं फिल्म धुण्याचें एक यंत्र रचिलें होतें, आणि विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं कोडॅक कंपनीनें तें बाजारांत आणिलें.

आतां मुख्य मुद्दा. गिऱ्हाईक डब्याकडे पाहतो, त्याची चकाकी पाहतो, कंपनीचें नांव वाचतो. आमचें म्हणणें असें कीं प्रथम चक्री पाहावी, डबा मागाहून. जो रोल बिघडतो तो बहुधा चक्रीवर बिघडतो. दोन वेढे एकमेकांस चिकटले तर तेथें औषध पोंचत नाहीं व चित्राच्या जागीं मळकट पट्टा राहतो. फिल्म दुमडली तर निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. आणि हें सर्व अंधारांत, बोटांच्या स्पर्शावर, घाम सुटला असतां करावयाचें असतें.

चक्र्या दोन जातींच्या. प्लॅस्टिकच्या चक्रीस समोरासमोर दोन तबकड्या असून त्यांवर सर्पिल खांचा असतात. तोंडाशीं लहान पोलादी गोळ्या बसविलेल्या असतात. फिल्मचें टोंक आंत सरकवून दोन्ही तबकड्या आळीपाळीनें मागेंपुढें फिरविल्या कीं फिल्म आपोआप आंत चालत जाते. पोलादी चक्री तारेची. तिच्यांत फिल्म किंचित् वांकवून मध्यभागीं अडकवावयाची आणि आंतून बाहेर गुंडाळीत यावयाचें. पहिली पंधरा मिनिटांत शिकतां येते. दुसरीस हात बसावा लागतो, पण एकदां बसला कीं तो सहसा विसरत नाहीं.

इतकें ऐकून कोणीही प्लॅस्टिकची घेईल. परंतु आपल्याकडील पावसाळा तिचा वैरी आहे. प्लॅस्टिकची चक्री हाडासारखी कोरडी असेल तरच फिल्म सरकते. किंचित् ओल राहिली कीं ती अर्ध्या वाटेंत अडून बसते. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें भर आषाढांत सकाळीं एक रोल धुतला आणि संध्याकाळीं त्याच चक्रीवर दुसरा चढविण्यास घेतला. काळ्या पिशवींत हात घालून ती पाऊण तास झगडली. पिशवींत हाताचा घाम दाटला, फिल्म मऊ पडली, आणि तिच्या बहिणीच्या साखरपुड्याचीं पहिलीं नऊ चित्रें तेथेंच चुरगळलीं. मुलगी हुशार, हाताची हलकी. दोष तिचा नव्हता. तिच्यापाशीं दुसरी चक्री नव्हती, एवढाच काय तो दोष.

पोलादी चक्रीस ओलीची इतकी पर्वा नसते. पंचानें पुसली कीं ती पुन्हां कामास तयार, आणि नीट वापरली तर ती मुलाच्या मुलासही उपयोगी पडेल. अमेरिकेची निकोर, जर्मनीची किंडरमन व इंग्लंडची ह्यूज हीं यांतील नांवाजलेलीं नांवें. ह्यूजच्या ३५ मिलिमीटरच्या चक्रीस मध्यभागीं दोन दांते असतात व ते फिल्मच्या भोकांत अडकतात. त्यामुळें आरंभ तिरका होत नाहीं, आणि पोलादी चक्रीवर सारी बिघाडी आरंभींच होत असते. पण ही चांगली चक्री महाग आहे. बाजारांत तिच्यासारख्या दिसणाऱ्या बारीक तारेच्या स्वस्त चक्र्या मिळतात, त्यांपासून मुलांनीं दूर राहावें. एकदां हातांतून पडली कीं तार वांकते. वांकली हें डोळ्यांस दिसतही नाहीं. आणि पुढें प्रत्येक रोल त्याच ठिकाणीं चिकटतो. आमच्या मतें सर्व टँकांत घातक टँक तो हाच. स्वस्त प्लॅस्टिक निदान फिल्म आंत घेण्याचें नाकारतें. वांकलेलें पोलाद ती मुकाट्यानें आंत घेतें आणि मग नासवतें.

म्हणून नवशिक्यासाठीं आमची निवड ठरलेली आहे: इंग्लंडच्या पॅटरसन धर्तीचा दोन चक्र्यांचा प्लॅस्टिक टँक. त्यांत स्पेनच्या ए. पी. कंपनीसारखी चक्री मिळाली तर अधिकच चांगलें. तिच्या तोंडाशीं रुंद पाळ असते व तीवर फिल्मचें टोंक टेकतां येतें; अंधारांत चाचपडणाऱ्या बोटांस हा केवढा आधार आहे, हें एकदां वापरल्यावांचून कळावयाचें नाहीं. दोन चक्र्या यासाठीं कीं एक वाळत असतां दुसरी कोरडी हातीं असावी. पावसाळ्यांत तिसरीही असली तर तो खर्च चैनीचा समजूं नये. नासलेल्या एका रोलास आज शेंकडों रुपये पडतात, आणि त्यावरील साखरपुड्यास तर किंमतच नाहीं.

चक्री लहानमोठी करतां येणारी असावी. आजोबांचा आगफा क्लिक १२० मापाची रुंद फिल्म घेतो व तिच्यावर बारा चौरस चित्रें काढतो. मामांचा कॅमेरा ३५ मिलिमीटरची. पॅटरसनची एकच चक्री फिरवून दोन्ही मापांस बसते. औषधाचा हिशेबही आधींच करावा. त्याच टँकांत ३५ मिलिमीटरच्या एका रोलास २९० मिलिलिटर द्रव लागतो, तर १२० च्या रोलास ५०० मिलिलिटर. हे आंकडे टँकच्या बुडाशीं छापलेले असतात. पांच-आठ चक्र्यांचे उंच टँक पाहून कांहीं मुलांस मोह पडतो. महिन्याला एक रोल धुणाऱ्याच्या घरीं ते वरणासाठीं लग्नाचें पातेलें काढल्यासारखें दिसतात. जर्मनीच्या जोबो कंपनीचे टँक उत्तम, पण ते आडवे फिरविणारें यंत्र विद्यार्थ्यानें घेऊं नये. अंधाराशिवायच फिल्म भरतां येईल अशा पेट्याही निघाल्या आहेत. १९३० नंतरच्या दशकांत आगफाची रोंडिनॅक्स होती. २०१७ मध्यें लोकवर्गणीच्या मार्गानें लॅब-बॉक्स नांवाची आली. युक्ति चतुर आहे, हात अधू असलेल्यास ती वरदानच होय. परंतु धडधाकट मुलानें अंधाराच्या भीतीनें ती घेऊं नये. वायां गेलेला एखादा रोल मागून आणावा, प्रथम उजेडांत, मग डोळे मिटून, मग काळोखांत तो वीस वेळां चक्रीवर चढवावा. भीति उरत नाहीं.

उष्णतेविषयीं थोडें सांगणें भाग आहे, कारण तक्ते छापणारे थंड देशांतले. ते डेव्हलपरची वेळ २० अंश सेंटिग्रेडला देतात. आपल्याकडे वैशाखांत नळाचेंच पाणी ३० अंशांवर असतें. द्रव ऊन असेल तर वेळ कमी करावी लागते, आणि ती पांच मिनिटांच्या खालीं गेली कीं चित्र सर्वत्र सारखें उमटेल याचा भरंवसा राहत नाहीं. सबब बादलींत पाणी व बर्फ घालून बाटल्या त्यांत ठेवाव्या. येथें पोलाद व प्लॅस्टिक यांचा स्वभाव उलटा. पोलादी टँक बादलींतली थंडी झटकन् घेतो, पण हातांत धरला कीं तितक्याच लौकर तापतो. प्लॅस्टिक सावकाश थंड होतें व सावकाश तापतें. दहा मिनिटांच्या कामास हा सावकाशपणा नवशिक्याच्या पथ्यावर पडतो.

बाकीचें थोडक्यांत. स्वयंपाकघरांतील वाटी-पेला औषधास कधींही लावूं नये. पॅटरसन टँकांत चक्री ज्या काळ्या नळीवर बसते, ती नळी विसरूं नये. ती केवळ आधार नव्हे. तिच्यामुळेंच झांकणांतून उजेड आंत येत नाहीं, आणि ती बाहेर राहिली तर सारा रोल काळा होतो. जुन्या बाजारांत बेकेलाइटचे सुबक टँक स्वस्त दिसतात. त्यांतील पुष्कळ उलटे करतां येत नाहींत, आंतली चक्री नुसती काडीनें फिरवावी लागते, आणि फरशीवर पडले कीं तडकतात. शोभेसाठीं खुशाल घ्यावे. कोणताही टँक घेतांना त्यांत पाणी भरून, झांकण लावून, दुकानांतच तो दहा वेळां उलटासुलटा करून पाहावा. दोन-चार थेंब गळाले तर चालतील. धार लागली तर तो परत करावा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, त्यास घालूं द्याव्या.