एकशे एकोणपन्नास गुण



निकालाच्या दिवशी वर्गात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "तुला किती मिळाले?" शेजारी पुढे असला, तर आपले पासष्ट टक्के फिके वाटतात. तो मागे असला, तर तेच पासष्ट टक्के गोड वाटतात. काही मुले तर परीक्षा जवळ आली की मित्रापासून वही लपवून ठेवतात. यालाच आपण स्पर्धा म्हणतो. मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

खेळ दोन प्रकारचे असतात. कुस्तीत किंवा कबड्डीत समोरच्याला अडवावे लागते. गोल्फचे तसे नाही. तेथे प्रत्येकाचा चेंडू वेगळा असतो. दिल्लीच्या गोल्फ क्लबमध्ये अली शेर इतर खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहत असत. पुढे १९९१ साली त्यांनी 'इंडियन ओपन' ही मोठी स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली.

तिरंदाजी हा असाच खेळ आहे आणि त्याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक स्पर्धा झाली. नागपूरचा ओजस देवतळे आणि सातारा जिल्ह्यातील सतरा वर्षांची अदिती स्वामी एकाच दिवशी जगज्जेते झाले. दोघांचे प्रशिक्षक एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत.

या खेळात लक्ष्य ५० मीटर दूर असते. दहा गुणांचे वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटर रुंद असते. अंतिम सामन्यात एक बाण सोडायला २० सेकंद मिळतात. असे १५ बाण, एकूण गुण १५०. ओजसने त्या दिवशी १५० पैकी १५० गुण मिळवले. पोलंडच्या खेळाडूने १४९ मिळवले आणि तो हरला.

आता गंमत पाहा. अदितीने त्याच दिवशी १४९ गुण मिळवले आणि ती जिंकली. दोन महिन्यांनी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धा झाली. तेथे ओजसने १४९ गुणांवरच सुवर्णपदक मिळवले. गुण तेच, पण एकाला हार आणि दोघांना जीत!

यातून काय समजते? १४९ गुण मिळवणे खेळाडूच्या हातात असते, पण समोरचा किती मिळवील, हे त्याच्या हातात नसते. आपल्या जिल्ह्यातील कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. पेरणी, निंदण, डवरणी त्याच्या हातात. पाऊस आणि भाव नाही. म्हणून तो निंदण सोडतो का?

तुम्ही म्हणाल, "सर, नोकरीच्या जागा तर मोजक्याच असतात. तेथे दुसऱ्याला मागे टाकावेच लागते." खरे आहे. मेहनत करणारा प्रत्येक जण पहिला येईल, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पोलंडच्या त्या खेळाडूची मेहनत काही कमी नव्हती. पण मित्राची वही लपवून किंवा त्याचे वाईट चिंतून तुमच्या उत्तरपत्रिकेत एक तरी गुण वाढतो का? तुमचा बाण तुम्हालाच सोडायचा आहे.

हांगझोऊच्या अंतिम सामन्यात ओजससमोर भारताचाच अभिषेक वर्मा होता. दोनच दिवस आधी त्याच अभिषेकच्या आणि बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरच्या साथीने ओजसने सांघिक सुवर्णपदक जिंकले होते. म्हणजे खांद्याला खांदा लावून सराव करता येतो आणि वेळ आली की समोरासमोर उभेही राहता येते. यात वैर कुठे आले?

तेव्हा मुलांनो, पुसदला शिकत असा की दिग्रसला, यवतमाळला की उमरखेडला, रोजचा सराव चुकवू नका. मराठीचे शुद्धलेखन कच्चे असेल, तर रोज दहा ओळी लिहा. काल सहा चुका झाल्या आणि आज चार झाल्या, तर आज तुम्ही जिंकलात. आणि ज्याला ते जमत नाही, त्याला शेजारी बसवून घ्या. पुढच्या निकालाच्या दिवशी "तुला किती?" असे जरूर विचारा, पण त्याआधी स्वतःला विचारा, "मागच्या वेळेपेक्षा किती?"