वरच्या ओळीतला रविवार

मागच्या दिवाळीत सुटीवर आलेला एक तरुण बाह्यरुग्ण विभागात आला. अभियांत्रिकीचे शिक्षण यवतमाळला, नोकरी पुण्यात हिंजवडीला. झोप लागत नाही, डोके जड राहते, ही तक्रार. रक्तदाब थोडा वाढलेला. बोलता बोलता त्याने मोबाइल पुढे केला. "सर, दोनशे दिवसांत एकही खाडा नाही!" पडद्यावर हिरव्या चौकोनांची जाळी होती.

ही जाळी 'गिटहब'ची. जगभरातले संगणक अभियंते आपला कोड या संकेतस्थळावर ठेवतात, एकमेकांचा सुधारतात. २०१३पासून तेथे प्रत्येकाच्या पानावर वर्षभराच्या कामाचा तक्ता दिसतो. एका दिवसाला एक चौकोन. नोंदी जास्त तितका हिरवा रंग गडद. नोंद नसेल तर चौकोन कोरा.

आमच्या वॉर्डातही खाटेजवळ तापाचा तक्ता असतो. तो उपयोगाचा आहे. पण तो ताप सांगतो, रुग्ण जेवला की नाही हे सांगत नाही. या तक्त्याचेही तसेच. दिवसभर एखादी चूक शोधत बसलात, नवख्या सहकाऱ्याला शिकवलेत, तरी चौकोन कोरा राहू शकतो. उलट एक स्वल्पविराम बदलून नोंदवला तरी तो हिरवा होतो. त्यामुळे मुलाखतीत केवळ हा तक्ता पाहून उमेदवाराची मेहनत ठरवणे योग्य नाही.

पूर्वी या तक्त्यासोबत सलग किती दिवस काम केले, हा आकडाही असे. मे २०१६मध्ये गिटहबने तो काढून टाकला. त्याचा परिणाम तपासणारा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा गेल्यावर लांबलचक साखळ्या घटल्या आणि शनिवार-रविवारचे कामही कमी झाले, असे त्यात आढळले. म्हणजे सुटीच्या दिवशीचे काही काम तरी गरजेचे नव्हते. साखळी तुटू नये एवढ्यासाठीच होते.

याची किंमत शरीर मोजते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१मध्ये दिलेल्या माहितीनुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

तक्ता पाहू नका, असे मी म्हणणार नाही. फक्त तो डॉक्टरच्या नजरेने पाहा. त्यातली सर्वांत वरची ओळ रविवारची असते. ती वर्षभर हिरवीगार दिसत असेल, तर ते कौतुकाचे नव्हे, काळजीचे लक्षण समजा.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीने शेकतात, पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, "बाबा रे, बैलाला मिळते तेवढी सुटी तरी स्वतःला दे."